केवल मूल्य समीकरणे

अव्यक्त राशी (जिचे मूल्य काढावयाचे असते ती राशी) केवल मूल्याच्या चिन्हाच्या आत आलेली असेल, तर त्या समीकरणास केवल मूल्य समीकरण म्हणतात. |क्ष − ५| = २ हे त्याचे साधे उदाहरण होय. कोणत्याही सत् (वास्तव) संख्येचे धन-ऋण चिन्ह बाजूस ठेवले असता जे परिमाण उरते, ते तिचे केवल मूल्य. ७ आणि −७ या दोहोंचे केवल मूल्य ७ आहे, शून्याचे शून्य आहे. या कल्पनेस निरपेक्ष मूल्य असेही म्हणतात. सदसत् संख्यांच्या बाबतीत मापांक ही संज्ञा अधिक रूढ आहे. महाराष्ट्रात इयत्ता नववीच्या २०१७ सालच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात वास्तव संख्यांच्या प्रकरणात ही कल्पना आली असून तेथेच पहिली केवल मूल्य समीकरणे विद्यार्थ्यापुढे येतात. पुढे कलनशास्त्रातील सीमा व सांतत्य यांच्या व्याख्या केवल मूल्याच्याच भाषेत मांडल्या जातात. त्यामुळे शाळेत या ठिकाणी राहिलेली संदिग्धता महाविद्यालयात फार अडचणीची ठरते.

व्याख्या व अर्थ : क्ष ही सत् संख्या शून्य किंवा धन असेल, तर |क्ष| = क्ष आणि क्ष ऋण असेल, तर |क्ष| = −क्ष अशी व्याख्या करतात. या व्याख्येचा दुसरा भाग वाचताना नवशिक्या वाचकास हटकून शंका येते : केवल मूल्य कधीच ऋण नसते, मग ते −क्ष इतके कसे? याचे उत्तर असे की, −क्ष या लेखनात दिसणारे चिन्ह हे संख्या ऋण असल्याचे लक्षण नसून चिन्ह बदलण्याची क्रिया दर्शविते. क्ष = −७ असताना −क्ष म्हणजे ७. अक्षरामागे उणे दिसले की राशी ऋण, ही समजूत अंकगणितातून बीजगणितात येताना बरोबर आलेली असते व ती मोडल्याशिवाय पुढील कोणतीही रीत समजत नाही, पाठ मात्र होते. धन वर्गमूळच घ्यावयाचे या संकेतानुसार क्ष² चे वर्गमूळ |क्ष| येते, क्ष नव्हे. हे सूत्रही पुष्कळदा चुकीचे लिहिले जाते.

याहून उपयुक्त अर्थ भूमितीय आहे. संख्यारेषेवर |क्ष| म्हणजे क्ष या बिंदूचे शून्यापासूनचे अंतर आणि |क्ष − अ| म्हणजे क्ष व अ या दोन बिंदूंमधील अंतर. अंतराला दिशा नसते, म्हणून |क्ष − अ| आणि |अ − क्ष| समान असतात. |क्ष + ३| हे |क्ष − (−३)| असे वाचावे, म्हणजे ते −३ पासूनचे अंतर आहे हे ध्यानात येते. गुणाकाराच्या बाबतीत |अब| = |अ||ब| हे नेहमीच खरे असते. बेरजेच्या बाबतीत मात्र |अ + ब| हे |अ| + |ब| इतके किंवा त्याहून कमी असते आणि अ व ब परस्परविरुद्ध चिन्हांचे असतील, तर निश्चितच कमी असते. या गुणधर्मास त्रिकोण असमता म्हणतात. बेरजेच्या दोन पदांवर केवल मूल्याचे चिन्ह वेगवेगळे वाटून देणे ही या विषयातील सर्वांत सामान्य चूक असून ती या असमतेकडे दुर्लक्ष केल्याने होते.

ऐतिहासिक माहिती : चिन्ह व परिमाण या दोन गोष्टी वेगळ्या करण्याची गरज ऋण संख्यांबरोबरच उत्पन्न झाली. ब्रह्मगुप्त यांच्या ब्रह्मस्फुटसिद्धांत (इ. स. ६२८) या ग्रंथात धन व ऋण यांच्या बेरजेचा जो नियम आहे, त्यात त्या दोहोंचे अंतर घ्यावे, व ती समान असल्यास शून्य येते असे सांगितले आहे. हे अंतर परिमाणांचे आहे, म्हणजे आजच्या भाषेत केवल मूल्यांचे. दुसरे भास्कराचार्य यांनी बीजगणितात ऋण संख्या तिच्यावर बिंदू देऊन दाखविली. बिंदू काढला की उरतो तो केवल मूल्याचा अंक. मात्र या परिमाणासाठी स्वतंत्र चिन्ह या ग्रंथकारांनी योजलेले नाही. यूरोपात ओग्यूस्तँ ल्वी कोशी यांनी १८२१ मधील आपल्या विश्लेषणावरील पाठ्यग्रंथात ‘संख्यात्मक मूल्य’ या अर्थाचा शब्द वापरला. सदसत् संख्येच्या परिमाणासाठी मापांक या अर्थाची फ्रेंच संज्ञा झां रॉबेअर आर्गां यांच्या लेखनातून आली. दोन उभ्या रेघांचे आज सर्वत्र वापरले जाणारे चिन्ह कार्ल व्हायरश्ट्रास या जर्मन गणितज्ञांनी १८४१ मधील एका निबंधात योजिले. तो निबंध मात्र १८९४ मध्ये त्यांच्या समग्र लेखनात छापला गेला.

मूलभूत समीकरण : |क्ष − अ| = क हे सर्व केवल मूल्य समीकरणांचे मूळ रूप समजावे. त्याचा अर्थ, अ पासून क इतक्या अंतरावर असलेले बिंदू शोधा, एवढाच आहे. यवतमाळहून करंजीमार्गे वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मारेगाव हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. हा रस्ता संख्यारेषा मानून मारेगावास ० हा अंक द्यावा, वणीकडील किलोमीटर धन व करंजीकडील ऋण धरावे. अंतरे रस्त्यानेच मोजावयाची असल्याने रस्त्याच्या वळणांमुळे हिशेबात फरक पडत नाही. वणीचा अंक १८ धरू. आता ‘मारेगावपासून ५ किमी. वर बस थांबली आहे’ एवढाच निरोप आला, तर तो |क्ष| = ५ या समीकरणाइतकाच अपुरा आहे : बस वणीच्या बाजूस (क्ष = ५) असेल किंवा करंजीच्या बाजूस (क्ष = −५). मदतीस निघालेल्या माणसास दोन्ही शक्यता गृहीत धराव्या लागतात. समीकरण सोडविणाऱ्यासही तेच करावे लागते. ‘वणीपासून ७ किमी. वर’ हा निरोप |क्ष − १८| = ७ असा लिहिता येतो व त्यावरून क्ष = २५ किंवा क्ष = ११ मिळते. दोन्ही निरोप एकाच बसविषयी असतील, तर त्यांत विसंगती आहे, कारण दोन्ही समीकरणांना समाईक असे बीज नाही.

क धन असेल, तर मूलभूत समीकरणास अ + क व अ − क ही दोन बीजे असतात. क शून्य असेल, तर अ हे एकच बीज असते. क ऋण असेल, तर समीकरणास बीज नसते, कारण अंतर ऋण असू शकत नाही. |क्ष − ४| = −३ हे समीकरण पाहताच ते सोडवू न लागता ‘निर्वाह नाही’ असे लिहावे. यांत्रिक रीतीने गेल्यास १ व ७ ही उत्तरे निघतात आणि मूळ समीकरणात ती घातल्यास ३ = −३ असे मिळते.

|अक्ष + ब| = क या प्रकारात (अ शून्य नसताना) अक्ष + ब = क आणि अक्ष + ब = −क ही दोन एकघाती समीकरणे सोडवावी लागतात. केवल मूल्याबाहेर इतर पदे असतील, तर प्रथम केवल मूल्याचे पद एकटे करावे. उदा., ३|क्ष − २| + ५ = ११ यावरून |क्ष − २| = २ आणि क्ष = ४ किंवा ०. याउलट ३|क्ष − २| + ५ = २ यावरून |क्ष − २| = −१ मिळते, म्हणून निर्वाह नाही. उजव्या बाजूस २ ही धन संख्या दिसत असल्याने हे आधी लक्षात येत नाही. पद एकटे करण्यापूर्वी दोन भाग पाडण्याची घाई का करू नये, हे यावरून दिसेल.

उजव्या बाजूस अव्यक्त राशी : |२क्ष − ७| = क्ष − २ यांसारख्या समीकरणात उजवी बाजू धन आहे की ऋण हे आधी माहीत नसते. दोन भाग पाडल्यास २क्ष − ७ = क्ष − २ यावरून क्ष = ५ आणि २क्ष − ७ = −क्ष + २ यावरून क्ष = ३. क्ष = ५ असता दोन्ही बाजू ३ व क्ष = ३ असता दोन्ही बाजू १ येतात, म्हणून दोन्ही बीजे खरी आहेत. परंतु |क्ष − ३| = २क्ष या समीकरणात तीच रीत वापरल्यास क्ष = −३ आणि क्ष = १ मिळतात व त्यांपैकी −३ घातल्यास डावी बाजू ६ आणि उजवी −६ येते. हे बीज मूळ समीकरणाचे नव्हे. सोडविण्याच्या रीतीतून ते बाहेरून आलेले आहे, म्हणून त्यास आगंतुक बीज म्हणता येईल. |२क्ष − १| = क्ष − ५ या समीकरणात तर मिळणारी दोन्ही बीजे (−४ व २) आगंतुक आहेत.

आगंतुक बीज कोठून येते हे समजून घेणे ताळा पाहण्याइतकेच महत्त्वाचे आहे. दोन भाग पाडताना आपण ‘आतील राशी उजव्या बाजूइतकी किंवा तिच्या विरुद्ध चिन्हाइतकी’ असे म्हणतो, पण ‘उजवी बाजू ऋण नसावी’ ही अट लिहावयाची राहून जाते. क्ष − ३ = २क्ष हे समीकरण स्वतः निर्दोष आहे; त्याचे बीज −३ हेही बरोबर आहे; फक्त तेथे २क्ष ऋण असल्याने ते मूळ प्रश्नाच्या कक्षेत बसत नाही. म्हणून २क्ष ≥ ० ही अट प्रारंभीच लिहून ठेवावी. ती लिहिली म्हणजे शेवटी ताळ्याचे काम फक्त आकडेमोडीतील चूक शोधण्यापुरते उरते. पुष्कळ पुस्तकांत ताळा पाहण्याची सूचना असते, अट लिहिण्याची नसते. त्यामुळे उत्तरे का गळतात हे विद्यार्थ्यास कळत नाही व ताळा हा परीक्षकासाठी करावयाचा उपचार ठरतो.

आलेखाने हा सर्व भाग एका दृष्टिक्षेपात कळतो. य = |क्ष − ३| याचा आलेख (३, ०) या बिंदूत कोन करणाऱ्या दोन किरणांचा असून त्यांचे चढ −१ व १ असतात. य = २क्ष ही रेषा त्याहून अधिक चढाची असल्याने ती या आकृतीस एकाच बिंदूत छेदते. रेषेचा चढ कमी असल्यास ती दोन ठिकाणी छेदते, कोनबिंदूतून जाते किंवा आकृतीच्या पूर्णपणे खालून जाते. चढ समान असेल तेव्हा चमत्कारिक स्थिती येते : |क्ष − ३| = क्ष + १ यास १ हे एकच बीज आहे, |क्ष − ३| = क्ष − ५ यास एकही नाही, तर |क्ष − ३| = क्ष − ३ यास ३ व त्याहून मोठी प्रत्येक संख्या बीज आहे.

भास्कराचार्यांचे वानरांचे उदाहरण : आगंतुक बीजाचा प्रश्न जुना आहे. भास्कराचार्यांच्या बीजगणितात (११५०) एक प्रसिद्ध उदाहरण आहे. वानरांच्या कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग करावा, तितके वानर गुहेत शिरले व एक वानर फांदीवर दिसला, तर कळप किती? कळप क्ष मानल्यास (क्ष/५ − ३)² + १ = क्ष, म्हणजे क्ष² − ५५क्ष + २५० = ० हे वर्गसमीकरण मिळते व त्याची बीजे ५० आणि ५ येतात. क्ष = ५० असता पाचवा हिस्सा १०, त्यातून तीन गेले ७, वर्ग ४९ व एक मिळून ५०. क्ष = ५ असता पाचवा हिस्सा १ व त्यातून तीन वजा केल्यास −२ येतात. वर्ग ४ व एक मिळून ५, म्हणजे समीकरणाचे समाधान होतेच. तरीही भास्कराचार्य दुसरे बीज अयोग्य म्हणून घेऊ नये असे सांगतात. प्रत्यक्षातील राशी ऋण झाल्यास लोकांची तीवर प्रतीती बसत नाही, असे त्यांचे कारण आहे.

आजच्या चिन्हांत पाहिल्यास हा प्रश्न |क्ष/५ − ३| = क्ष − १ चे वर्गमूळ असा होतो व त्यास ५० आणि ५ ही दोन्ही बीजे आहेत. केवल मूल्याच्या रेघा काढून टाकल्या, म्हणजे हिश्शातून तीन वानर खरोखरच वेगळे काढता आले पाहिजेत अशी अट घातली, की ५ हे बीज आगंतुक ठरते. वर्ग करताना चिन्ह पुसले जाते; म्हणून वर्ग केलेल्या समीकरणास ते चिन्ह पुन्हा विचारता येत नाही, ते मूळ प्रश्नातूनच आणावे लागते. भास्कराचार्यांनी नेमके हेच केले आहे. दुसरे बीज त्यांना सुचलेच नाही असे नव्हे. त्यांनी ते काढून, दाखवून व कारण देऊन सोडले आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापन केलेल्या मठाचा शिलालेख (१२०७) जळगाव जिल्ह्यात चाळीसगावनजीक पाटण येथे आहे.

दोन्ही बाजूंस केवल मूल्य : |अ| = |ब| असेल, तर अ = ब किंवा अ = −ब. येथे दोन्ही बाजू ऋण नसतातच, म्हणून वेगळी अट लागत नाही व आगंतुक बीज उद्भवत नाही. |२क्ष − १| = |क्ष + ४| यावरून क्ष = ५ किंवा क्ष = −१. दोन्ही बाजूंचे वर्ग केल्यास क्ष² − ४क्ष − ५ = ० हे समीकरण व तीच बीजे मिळतात. वर्ग करण्याची रीत याच प्रकारात निर्धास्तपणे वापरावी. रस्त्याच्या उदाहरणात |क्ष| = |क्ष − १८| म्हणजे मारेगाव व वणी यांपासून सारख्या अंतरावरील ठिकाण; ते ९ हे एकच आहे. (दुसरा भाग ० = १८ असा अशक्य येतो.)

अनेक केवल मूल्ये : समीकरणात दोन किंवा अधिक केवल मूल्यांची बेरीज वा वजाबाकी असेल, तर प्रत्येक आतील राशी जेथे शून्य होते त्या बिंदूंनी संख्यारेषेचे भाग पाडतात. प्रत्येक भागात चिन्हे निश्चित असल्याने तेथे रेघा काढून साधे समीकरण लिहिता येते. मिळालेले बीज त्याच भागात पडत असेल, तरच घ्यावयाचे. |क्ष| + |क्ष − १८| = २६ या समीकरणात क्ष < ० असता १८ − २क्ष = २६, म्हणून क्ष = −४; ० ते १८ या भागात १८ = २६ असे अशक्य विधान मिळते; क्ष > १८ असता २क्ष − १८ = २६, म्हणून क्ष = २२. हीच डावी बाजू १८ इतकी केल्यास मधल्या भागात १८ = १८ असे येते व मारेगाव ते वणी यांमधील प्रत्येक ठिकाण हे बीज ठरते. ती १० इतकी केल्यास निर्वाहच नाही, कारण दोन टोकांपासूनच्या अंतरांची बेरीज त्या टोकांमधील अंतराहून कमी असू शकत नाही. ही त्रिकोण असमताच होय. वजाबाकीचे समीकरण |क्ष| − |क्ष − १८| = १० सोडविल्यास १४ हे एक बीज मिळते; उजवीकडे १८ असल्यास वणीच्या पुढील सर्व रस्ता, वणीसह, निर्वाहात येतो.

एका केवल मूल्याच्या आत दुसरे असेल, तर बाहेरून आत जावे. ||क्ष − ३| − ५| = २ यावरून |क्ष − ३| = ७ किंवा ३, म्हणून १०, −४, ६ व ० ही चार बीजे. क्ष² − ५|क्ष| + ६ = ० हे समीकरण वर्गसमीकरणासारखे दिसते. |क्ष| ही एकच राशी मानल्यास ती २ किंवा ३ येते, व क्ष ची मूल्ये २, −२, ३ व −३ अशी चार होतात. वर्गसमीकरणास दोनच बीजे असतात हा नियम बहुपदींचा आहे आणि केवल मूल्य आले की राशी बहुपदी राहत नाही. क्ष² − |क्ष| − ६ = ० यात |क्ष| = −२ ही शक्यता सोडून द्यावी लागते व ३ आणि −३ ही दोनच बीजे उरतात.

अंतरांची बेरीज आणि ठिकाणाची निवड : अनेक केवल मूल्यांच्या बेरजेचा एक उपयोग व्यवहाराच्या दृष्टीने इतका महत्त्वाचा आहे की त्याचा येथे विस्ताराने विचार करणे युक्त होईल. एकाच रस्त्यावरील तीन गावांसाठी एक आरोग्य उपकेंद्र उभारावयाचे आहे असे समजू. गावे ०, ५ व १८ या अंकांवर असून तिन्ही सारख्या वस्तीची आहेत. उपकेंद्र क्ष या ठिकाणी बांधल्यास तिन्ही गावांच्या अंतरांची बेरीज |क्ष| + |क्ष − ५| + |क्ष − १८| इतकी होईल. ती कमीत कमी कोठे होते?

पुष्कळांना सरासरीचे ठिकाण, म्हणजे २३/३ किंवा ७ २/३, योग्य वाटते. तेथे बेरीज २० २/३ किमी. येते. प्रत्यक्षात मधल्या गावीच, क्ष = ५ येथे, ती १८ किमी. येते आणि याहून कमी कोठेही येत नाही. कारण सोपे आहे. ५ पासून वणीच्या दिशेने एक किलोमीटर सरकल्यास एका गावाचे अंतर एकने घटते, पण दोन गावांचे एकेकाने वाढते. उलट दिशेनेही तसेच. मधल्या गावाच्या दोन्ही बाजूंस गावांची संख्या सारखी असते, एवढ्यावरच हे अवलंबून आहे. टोकाचे गाव १८ ऐवजी ३० वर असते, तरी उत्तर ५ हेच राहिले असते, सरासरी मात्र बदलली असती. संख्याशास्त्राच्या भाषेत, वर्गांची बेरीज माध्याशी लघुतम होते, तर केवल मूल्यांची बेरीज मध्यकाशी. बेरीज २४ किमी. पर्यंत चालेल अशी मर्यादा घातल्यास सीमेवरची ठिकाणे |क्ष| + |क्ष − ५| + |क्ष − १८| = २४ या समीकरणावरून मिळतात. क्ष < ० असता २३ − ३क्ष = २४, म्हणून क्ष = −१/३; ० ते ५ मध्ये २३ − क्ष = २४ यावरून −१ येते, ते या भागाबाहेर आहे; ५ ते १८ मध्ये क्ष + १३ = २४, म्हणून क्ष = ११; पुढील भागात ४७/३ मिळते, पण ते १८ हून लहान असल्याने त्याज्य. म्हणजे −१/३ ते ११ यांमधील कोणतीही जागा त्या मर्यादेत बसते.

वस्ती असमान असल्यास प्रत्येक केवल मूल्यास त्या त्या गावच्या लोकसंख्येने गुणावे लागते. एका गावात एकूण वस्तीच्या अर्ध्याहून अधिक माणसे असतील, तर बेरजेचे लघुतम मूल्य त्या गावीच येते. इतर गावे कितीही दूर असोत, त्यांच्या दूर असण्याचा निवडीवर परिणाम होत नाही. मोठ्या गावीच प्रत्येक सोय का जाते, याचे एक कारण या गणितात आहे. परंतु बेरीज लघुतम करणे हाच न्याय, असे गणित सांगत नाही. वरील उदाहरणात उपकेंद्र ५ वर असता शेवटच्या गावच्या रोग्यास १३ किमी. यावे लागते. सर्वांत दूरच्या माणसाचे अंतर शक्य तितके कमी करावयाचे ठरविल्यास उत्तर बदलते : ती जागा |क्ष| = |क्ष − १८| यावरून ९ ही येते, कोणासही ९ किमी. पेक्षा अधिक यावे लागत नाही व बेरीज १८ ऐवजी २२ होते. अडलेल्या बाळंतिणीच्या दृष्टीने दुसरा निकष बरा, रोजच्या औषधवाटपाच्या दृष्टीने पहिला. कोणते समीकरण मांडावयाचे हे बीजगणिताबाहेर ठरते.

निरीक्षणांतील चुकांच्या केवल मूल्यांची बेरीज लघुतम करावी ही सूचना रूजर बॉस्कोव्हिच यांनी १७५७ मध्ये, याम्योत्तर वृत्ताच्या निरनिराळ्या ठिकाणी मोजलेल्या कंसांवरून पृथ्वीचा आकार ठरविण्याच्या संदर्भात केली. चुकांच्या वर्गांची बेरीज लघुतम करण्याची रीत (लघुतम वर्ग रीत) त्यानंतर सु. अर्ध्या शतकाने प्रसिद्ध झाली व आकडेमोडीस सोयीची म्हणून तिनेच पुढे जम बसविला. संगणकांमुळे ती अडचण राहिली नाही व बॉस्कोव्हिच यांच्या रीतीकडे पुन्हा लक्ष गेले, कारण एखादे निरीक्षण फारच चुकीचे असले, तरी तिचे उत्तर फारसे ढळत नाही. भारतातील याम्योत्तर कंसाच्या मोजणीचे प्रवर्तक विल्यम लँबटन हे १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे, म्हणजे मारेगावच्या उत्तरेस फार दूर नसलेल्या ठिकाणी, मरण पावले.

मर्यादा व सूट : |क्ष − अ| = क या समीकरणाची दोन बीजे ही |क्ष − अ| ≤ क या असमतेच्या निर्वाहाची दोन टोके असतात. मापात किती सूट चालेल हे या रीतीने थोडक्यात लिहिता येते. भारतात रुईची प्रमाण गाठ १७० किग्रॅ. वजनाची धरतात, समजा वजनात २ किग्रॅ. इतका फरक चालवून घेतला, तर |क्ष − १७०| = २ यावरून १६८ व १७२ ही टोके मिळतात. मात्र दोन्ही बाजूंचा फरक सारखाच आक्षेपार्ह असेल, तेथेच केवल मूल्य योजावे. कापसाच्या खरेदीत १२ टक्क्यांहून अधिक ओलावा असलेला माल साधारणपणे घेतला जात नाही; अधिक कोरडा माल त्या कारणासाठी कोणी परत करीत नाही. ही अट एकेरी असल्याने ती क्ष ≤ १२ अशीच लिहावी लागते. तेथे केवल मूल्याच्या रेघा घातल्यास शेतकऱ्यावर कोणीही न घातलेली एक अट लादली जाईल.

सदसत् संख्यांतील विस्तार : क्ष ही सदसत् संख्या असल्यास |क्ष − अ| हे प्रतलातील दोन बिंदूंमधील सरळ अंतर होते व दोन बीजांच्या जागी बहुधा सबंध वक्र मिळतो. |क्ष − अ| = क हे अ मध्य व क त्रिज्या असलेले वर्तुळ आहे. रस्ता पूर्ण सरळ आहे असे मानून वरील उदाहरणे प्रतलात पाहिल्यास |क्ष| = |क्ष − १८| हा मारेगाव व वणी यांना जोडणाऱ्या रेषाखंडाचा लंबदुभाजक होतो; रस्त्यावरील ९ हा बिंदू म्हणजे त्याचा व रस्त्याचा छेद. |क्ष| + |क्ष − १८| = २६ हे विवृत्त (लंबवर्तुळ) असून मारेगाव व वणी ही त्याच्या दोन नाभींच्या ठिकाणी येतात. त्याचा मध्य ९ येथे, अर्धा दीर्घ अक्ष १३ व अर्धा लघू अक्ष ८८ च्या वर्गमूळाइतका, म्हणजे सु. ९.४ असतो, आणि ते रस्त्यास −४ व २२ येथे छेदते. उजव्या बाजूची संख्या १८ कडे येऊ लागली की हे विवृत्त चपटे होत जाते व १८ असताना त्या दोन नाभींना जोडणारा रेषाखंड तेवढा उरतो.